शताब्दी समितीतलं एक ‘नाही’

माझ्या ओवीच्या इथल्या, जपानातल्या शाळेत मतदान होत नाही. हात वर करायचे नाहीत, चिठ्ठ्या टाकायच्या नाहीत, बहुमत वगैरे भानगडच नाही. शाळा क्वेकर लोकांची. हे ख्रिस्ती, पण यांच्यात पाद्री नसतो. प्रार्थना म्हणजे सगळ्यांनी गप्प बसायचं, आणि कोणाला आतून काही आलं तर त्याने उभं राहून बोलायचं. शाळेच्या समित्याही तशाच चालतात. सगळ्यांना पटलं तर ठराव झाला. एकालाही मनापासून पटलं नाही, तर विषय पुढच्या बैठकीला.

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. शाळेच्या माहितीपुस्तकात सव्विसाव्या पानावर होतं. असली पानं कोणी वाचत नाही. मी फोनवर भाषांतर करून दोनदा वाचलं, कारण मला भांडायचं होतं.

झालं असं. शाळेला शंभर वर्षं होणार. मोठा समारंभ. त्यात एका मुलीने स्टेजवरून शाळेचा इतिहास वाचायचा. वाचनाची चाचणी झाली, सोळा मुली बसल्या, ओवी पहिली आली. आठवडाभर ती आंघोळीला गेली की आतून इतिहास सुरू. युद्धात जळालेली इमारत तर मला पाठ झाली.

मग पत्र आलं. ‘समारंभाला आंतरराष्ट्रीय रंग यावा म्हणून ओवी-सानसाठी खास भूमिका: भारतीय नृत्य. पोशाख कृपया घरून आणावा.’ इतिहास दुसऱ्या नंबरच्या मुलीकडे गेला.

पोरगी जन्मली एदोगावात. स्वप्नात जपानी बडबडते. नाच तर इतका येतो की गणपतीच्या आरतीत तिची टाळी सगळ्यांच्या नंतर वाजते. पण रंग सावळा, मग नाच बाई!

ओवीने पत्र वाचलं, “दाइजोबु,” म्हणाली. म्हणजे ठीक आहे. त्या दिवशी बाथरूममधून नुसता पाण्याचा आवाज आला.

“नीलू, ताणू नकोस,” नवरा म्हणाला. “पाच मिनिटांचा तर नाच.”

“मग तू नाच. दिवाळीला ऑफिसात फेटा बांधून तुला दारात उभं केलं, तेव्हा घरी येऊन दोन दिवस कोण धुमसत होतं?”

सारंगने लॅपटॉप उघडला. हरला की तो लॅपटॉप उघडतो.

शताब्दी समितीत मी आधीपासून होते. मी आणि माझी मैत्रीण सुचेता. आम्हाला घेतलं होतं ते ‘इंडिया कॉर्नर’साठी, म्हणजे साड्या नेसून चपात्या लाटायला. शनिवारी सकाळी बैठक. मोरिता-सान बैठक चालवायच्या. शाळेच्याच जुन्या विद्यार्थिनी, वय अठ्ठ्याहत्तर, बसल्या की खुर्चीची पाठ वाया जायची इतक्या ताठ. त्यांनी कार्यक्रमपत्रिका वाचली आणि विचारलं, “सर्वांना मान्य?”

अकरा माना हलल्या.

“मला मान्य नाही,” मी म्हटलं.

जपानी बैठकीत हे वाक्य म्हणजे टेबलावर मेलेला उंदीर ठेवण्यासारखं. सगळे माझ्याकडे न बघता माझ्याकडे बघायला लागले. नाचाची कल्पना ज्यांची, ते कुबोता-सान हसले. जाहिरात कंपनीतला माणूस. आमच्या ओवीच्या वर्गात त्यांची मुलगी.

“ओवी-सान भारतीय पोशाखात फार सुंदर दिसतील.”

“ती ट्रॅकपँटमध्येही बरी दिसते. वाचनात पहिली कोण आली?”

“ओवी-सान.”

“मग?”

कुबोता-साननी दातांतून हवा आत ओढली. इथे उत्तर नसलं की तसं करतात. आपल्याकडे निदान ओरडतात तरी.

“थोडा वेळ शांत बसू या,” मोरिता-सान म्हणाल्या.

बसलो. दहा मिनिटं. कोणाचं तरी पोट वाजलं. विषय पुढच्या बैठकीला गेला.

पुढच्या बैठकीत मी पुन्हा नाही म्हटलं. पुन्हा शांतता. या वेळी वीस मिनिटं. सुचेता माझ्या शेजारी चुळबुळत होती. तिने याच समारंभासाठी पुण्याहून पैठणी मागवली होती, आणि मी सगळंच बंद पाडणार अशी तिला धास्ती. शेवटी तिला राहवलं नाही.

“नीलिमे, पुरे कर ना गं आता! बूड बधिर झालं माझं!”

चांगली मोठ्याने, मराठीत. मी डोळे मिटून घेतले. मोरिता-सान मात्र सावकाश तिच्याकडे वळल्या, कमरेतून वाकल्या आणि म्हणाल्या, “सुचेता-सान, अंतःकरणातून बोललात. आभारी आहोत.” सगळी समिती वाकली. सुचेतालाही वाकावं लागलं. मला हसू दाबता दाबता ठसका लागला, आणि बहुतेक तोही त्यांनी अंतःकरणातलाच धरला.

तिसरी बैठक आली तेव्हा समारंभाला बारा दिवस राहिले होते. पत्रिका छापायची खोळंबली होती. पावणेबाराला मी माझं ‘नाही’ टेबलावर ठेवलं आणि हाताची घडी घालून बसले. कोनबिनीत, म्हणजे चोवीस तास चालणाऱ्या दुकानात, कामाला मी आठ-आठ तास उभी असते. नुसतं बसून जिंकायचं असेल तर मी दिवाळीपर्यंत बसले असते.

शांततेतच मोरिता-साननी विचारलं, “ओवी-सानना कोणी विचारलं आहे का?”

कुबोता-साननी टेबलाकडे पाहिलं. बाकीच्यांनी कुबोता-सानकडे पाहिलं. तीन बैठका मी पोरीच्या नावाने भांडत होते, आणि तिला एकदाही ‘तुला काय हवंय गं?’ असं विचारलं नव्हतं. दाइजोबु म्हणाली, ते मी ‘नाही’ असं ऐकलं, आणि निघाले तलवार घेऊन. नाचाची कल्पना काढताना कुबोता-साननी तरी वेगळं काय केलं होतं?

ओवी वरच्या हॉलमध्ये बॅडमिंटन खेळत होती. तिला बोलावलं. घामाने डबडबलेली, हातात रॅकेट. आत येऊन वाकली. मोरिता-साननी तिला सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, “घाई नाही.”

तीही शांत बसली. बघता बघता पोरगी त्यांच्यातलीच एक झाली. मग उभी राहून अतिशय नम्र जपानीत बोलली.

“मला इतिहास वाचायचा आहे. मी पहिली आले होते.”

काम झालं म्हणून मी पर्स खांद्याला लावली.

“पण नाचही हवा. सुचेता मावशी आणि माझी आई श्रावणात ग्योतोकुच्या हॉलमध्ये फुगडी घालतात. दोघींनी हात धरून गोल फिरायचं. मला ती येत नाही, त्यांना येते. आपल्या शाळेत सगळे समान आहेत असं पहिल्या वर्षी शिकवलं होतं. म्हणून संपूर्ण समितीने फुगडी घालावी. आईने कुबोता-सानबरोबर.”

कोणीतरी पेन पाडलं.

“सर्वांना मान्य?” मोरिता-साननी विचारलं. पहिली मान त्यांचीच हलली. सुचेताची तर खांद्यावरून निखळते की काय अशी हलली. कुबोता-साननी दातांतून एवढी हवा ओढली की खिडकीचा पडदा हलायला हवा होता. मग तीही मान हलली. बाकीच्या हलल्याच.

राहिले मी.

बाराजण शांत बसून माझी वाट बघत होते. कोणी आग्रह करेना, कोणी घड्याळ बघेना. एक ‘नाही’ म्हटलं की सुटले असते. पण मग सगळा विषयच पुढे, आणि पुढे बैठकच नव्हती. पत्रात ठरल्याप्रमाणे दुसऱ्या नंबरच्या मुलीने इतिहास वाचला असता.

“ओवी,” मी मराठीत म्हटलं, “घरी चल, मग बघते तुझ्याकडे.”

“आई, शांततेत बोललीस तर ते अंतःकरणातलं धरतात हं,” ती मराठीतच म्हणाली. एरवी हिच्या तोंडून मराठीचं धड वाक्य निघत नाही.

“मान्य,” मी म्हटलं.

समारंभाच्या दिवशी सहाशे लोक होते. सुचेता आणि मोरिता-सान गिरकीला लागल्या आणि पैठणीचा पदर झेंड्यासारखा उडाला. मी पंजाबी ड्रेसवर ओढणी कमरेला खोचली, कुबोता-सानचे हात आवळून धरले आणि मागे झुकून अंगातला सगळा राग पायांत घातला. पाचव्या फेरीला त्यांची एक सपात सुटली ती थेट पहिल्या रांगेतल्या एका आजीच्या मांडीवर. आजींनी ती दोन्ही हातांनी झेलली. कुबोता-सान मात्र हसत होते, पहिल्यांदाच दातांतून हवा बाहेर सोडून.

त्यानंतर ओवी माइकसमोर आली. आम्ही दोघं स्टेजच्या पायरीवर टेकलो होतो. मला तीन-तीन ओव्या दिसत होत्या. तिघीही स्वच्छ वाचत होत्या. स्थापना, जळालेली इमारत, पुन्हा उभी केलेली शाळा, तिच्यातली पहिली तुकडी, नव्वदावं वर्ष. कागद संपला. तिने तो घडी करून खाली ठेवला आणि न बघता पुढे म्हणाली, “शंभराव्या वर्षी शताब्दी समितीने फुगडी घातली. एका सभासदाचा विरोध होता. तिच्या मुलीने तो मोडून काढला.”