दाभोळचे घोडे आणि डब्यातल्या चिठ्ठ्या

रविवारी सकाळी फिरदोसने अकरा डबे भरले आणि प्रत्येक डब्यात चपात्यांच्या खाली एकेक चिठ्ठी सारली. बावन्न वर्षांची बाई, पण गालातल्या गालात अशी हसत होती की जणू शाळेत मास्तरांच्या खुर्चीला गोंद लावलाय.

डबे जायचे अल कूजच्या कामगार कॅम्पात, इथे आखातात बांधकामाच्या साइटवर राबणाऱ्या कोकणातल्या माणसांना. चिठ्ठीत लिहिलेलं, 'आज चार वाजता सिलिकॉन ओएसिसला ये. माझ्या भावाचं भाषण आहे. ते झालं की खालचा प्रश्न विचार. पुढच्या रविवारी कोळंबी. कोळंबी पन्नास दिरहम किलो आहे, म्हणजे बाराशे रुपये, तेव्हा प्रश्न मोठ्याने विचार. माझं नाव घेऊ नको.'

तिचा भाऊ हनीफ. चाळीस वर्षं पोर्टात क्लार्की करून रिटायर झालेला. जुन्या दाभोळ बंदराचं त्याला भारी वेड. दर महिन्याला सिलिकॉन ओएसिसमधल्या मुलाच्या बिल्डिंगच्या पार्टी हॉलमध्ये त्यावर बोलायचा. पाच भाषणं झाली. लोक समोसे खायचे, टाळ्या वाजवायचे, घरी जायचे. प्रश्न एकाचाही नाही.

"आज एक जरी प्रश्न आला ना फिरदोस, तर पुढे बोलेन," तो कालच म्हणाला होता. "नाहीतर खलास. वह्या बांधून माळ्यावर." आणि खरंच सुतळीचा गुंडा आणून त्याने वह्यांच्या पिशवीत टाकला होता. तो गुंडा फिरदोसने बघितला. तिथूनच तिचं डोकं चालायला लागलं.

'सोळाव्या शतकातलं दाभोळ' या नावाला कोण येणार? लिफ्टमध्ये लावलेल्या भाषणाच्या कागदावर तिने गुपचूप नवं नाव लिहिलं, 'आठव्या हेन्रीच्या सहा बायका आणि आपलं दाभोळ.' हॉल भरला. हनीफ कागद बघून गडबडला, पण सावरला. "तिकडे इंग्लंडात हेन्री लग्नांवर लग्नं करत होता," तो म्हणाला, "आणि इकडे याच आखातातून आपल्या दाभोळला घोडे उतरत होते." मग तासभर असा बोलला की नात झारासुद्धा फोन ठेवून ऐकत बसली.

"कुणाला काही विचारायचंय?"

एक पेंटर ताडकन उठला. खिशातून तेलकट चिठ्ठी काढून वाचायला लागला, "प्रश्न मोठ्याने विचार, माझं नाव घेऊ नको, घोड्यांना बोटीत खायला काय देत..."

फिरदोसने कपाळावर हात मारला.

"ओ माय गॉड, फुपी!" झारा म्हणाली. बापाची आत्या म्हणून तीही फिरदोसला फुपीच म्हणायची. हॉलभर हशा. हनीफ मात्र हसला नाही. बहिणीकडे एकदा बघितलं, वह्या एकावर एक रचल्या आणि सुतळी बाहेर काढली. फिरदोसला वाटलं, जमीन फाटावी आणि आपण डब्यांसकट आत जावं.

"चाचा, थांबा जरा." मागून रामेश्वर उठला. चिपळूणचा, क्रेनच्या हुकाला माल बांधणारा रिगर. "चिठ्ठीतलं नाय. माझं आहे. तो घोडा बोटीतून खाली उतरवायचे कसा?"

हनीफ थबकला. "उतरवायचे हे माहीत आहे. कसं, ते मला कुठे सापडलं नाही रे."

"मी मघापासून तेच बघतोय. क्रेन नाय, आणि लोड जिवंत!" रामेश्वर सरळ पुढे आला, चहाचा थर्मास आडवा केला. "हा घोडा. द्या ती सुतळी." त्याने दोन वेढे मारले. "एक बेल्ट पुढच्या पायांमागे, एक मागच्या पायांपुढे. वर शिडाच्या काठीला कप्पी. तोंडाला दोरी, ती खाली एकाने धरायची, नायतर लोड फिरतो."

"आणि लाथा?" पेंटर ओरडला.

"डोळे बांधा त्याचे!"

"अरे, त्यापेक्षा पाण्यात सोडा, पोहत जाईल!"

"तुझ्या बापाचा घोडा हाय काय? महागाचा माल तो!"

यल्ला, चला, सुटले सगळे. कोण टेबलावर चढला, कोण फळी मागायला लागला. हनीफ पेन उघडून भराभर लिहीत होता आणि मधेच विचारत होता, "थांब थांब, कप्पी एक की दोन?" वॉचमन दोनदा दिवे घालवून गेला तरी कुणी हलेना.

शेवटी थर्मास झाडूच्या काठीला लटकवून सुखरूप जमिनीवर उतरला. हनीफने वह्या उचलल्या. बांधायला सुतळी शिल्लक नव्हती, सगळी घोड्याला लागली होती.

"कोळंबी कबूल केलीयस ना?" पेंटरची चिठ्ठी वाचून तो फिरदोसला म्हणाला. "पुढच्या वेळी बोटीवरचं बोलतो. रामेश्वर, तू आधी बोल. आणि फिरदोस, चिठ्ठ्या नकोत."

"इन्शाल्ला," फिरदोस म्हणाली. लिफ्टमधल्या कागदावर या खेपेला काय लिहायचं, ते तिने ठरवलंही होतं.