अंबूमाळ

"अम्मी, ही मान माझी आहे."

अरिबानं मोबाइल आईच्या नाकासमोर धरला. सुमैरा पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून गोंडा वळत बसली होती. दोन्ही हात गुंतलेले, दोरा ताणलेला. तिनं नुसती मान वर केली. पडद्यावर एक गळा होता, चेहरा कापून टाकलेला. गळ्यात काळ्या लोकरीची माळ, मधे पितळी मणी, आणि उजवीकडे खळगीपाशी एक तीळ.

"तुझीच की," सुमैरा म्हणाली आणि परत गोंड्याकडे वळली.

"तुझीच की काय? कुणाचं तरी भलतंच दुकान आहे हे. माझी मान लावून आपली माळ विकतायत. आपल्या गच्चीवरचा फोटो आहे अम्मी, मागं शेजारच्यांची चादरसुद्धा दिसतेय बघ."

घरात दखनी आणि दाराबाहेर मराठी अशी रेशमात दागिने गाठवणाऱ्या पटवेगारांची रीत. पण अरिबा भांडायला उभी राहिली की घरातही मराठीवर यायची. सुमैराला त्या मराठीची धास्ती वाटायची. आता हिला कुठंतरी घेऊन जावं लागणार, कुणाला तरी जाब विचारावा लागणार, आणि तिथून रिकाम्या हातानं परत यावं लागणार, एवढं तिला तेव्हाच कळलं.

हे काही पहिल्यांदा होत नव्हतं. पहिल्यांदा तिनं केलेली चांदबाळी कुणीतरी हुबेहूब उतरवली, तेव्हा ती जेवली नव्हती. दुसऱ्यांदा रात्रभर कूस बदलत राहिली. त्यानंतर मात्र ते सर्दीपडशासारखं झालं. नवीन काही मांडलं की महिन्या-दोन महिन्यांत त्याची नक्कल येणार, निम्म्या भावात येणार, आणि गिऱ्हाईक तिलाच विचारणार, "तिथं स्वस्त मिळतंय, तुम्ही का एवढं महाग लावता?" तक्रार केली की उत्तर यायचं, तुमची तक्रार नोंदवून घेतली आहे. एक दुकान बंद व्हायचं, दुसऱ्या नावानं उघडायचं. ओळखीतल्या वकिलांना विचारलं तर ते म्हणाले, "जगाला दाखवायच्या आधी नमुन्याची नोंद करायला पाहिजे होती. आता दाखवून बसलात." दाखवल्याशिवाय विकायचं कसं, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.

सुमैराचे वडील मोहिद्दीन पलूसच्या पेठेत एका सोनाराच्या ओट्यावर बसायचे. बायकांची डोरली, बोरमाळा, पुतळ्यांच्या माळा रेशमात गाठवून द्यायचे. पुढं तयार साखळ्या आल्या आणि गाठवायचं काम ओसरलं. वडील गेले. सुमैराच्या हातात तेवढी कला राहिली. नवरा यासीन टेंपो चालवायचा. घरात बसून काही करावं म्हणून तिनं रेशमाचे, मण्यांचे दागिने करायला घेतले, आणि अरिबानं त्यांचे फोटो काढून नेटवर टाकायला सुरुवात केली.

पण फोटोतली ही अंबूमाळ त्या सगळ्यांत वेगळी होती.

एका हिवाळ्यात जत भागातल्या धनगरांची मेंढरं पलूसच्या रानात खताला बसली होती. त्यांतली अंबूबाई आपली तुटलेली पोत घेऊन सुमैराच्या दारात आली. म्हातारीच्या मनगटावर काळ्या लोकरीचा पीळदार दोरा होता, त्यात दोन पितळी मणी.

"ह्यो कसला वं, मावशी?"

"कळपातल्या एडक्याच्या गळ्यात बांधतो आमी, बिरुबाच्या नावानं. उरलेला म्या हाताला गुंडाळला."

सुमैरा तो दोरा बराच वेळ बघत राहिली. मग तिनं विचारलं, "मावशी, असा दोरा बायकांच्या गळ्यासाठी केला तर तुमास्नी चालंल का? देवाचं हाय म्हणून इचारते."

अंबूबाई खळखळून हसली. "एडक्याला शोभतोय, मग बाईला का शोभंना? कर की. पर लोकर माझी घ्यायची. दुसऱ्याची न्हाई."

तेव्हापासून लोकर अंबूबाईचीच. ती स्वतः चातीवर कातून द्यायची, आणि माळेत काही नवं करायचं झालं की सुमैरा आधी तिला विचारायची. तिचा मुलगा बिरदेव पुढं मेंढरं विकून पलूसच्या द्राक्षबागेत कामाला राहिला, तेव्हा त्याची बायको सोनम सुमैराकडे काम शिकायला येऊ लागली. डावखुरी पोरगी, पण हात चलाख. दोन वर्षं सणासुदीचं काम निघालं की ती सुमैराच्या शेजारी बसून गोंडे वळायची. मग बागेतलं काम सुटलं, कुटुंब गावाकडं गेलं, आणि अधूनमधून कुणाच्या तरी हाती, म्हातारीनं भाऊबंदांकडून घेऊन कातलेल्या लोकरीचं पुडकं तेवढं येत राहिलं.

अरिबानं हट्टानं मैत्रिणीच्या नावावर ती नकली माळ मागवली. पुडकं आलं. लोकरीच्या जागी नायलॉन होतं, मणी पत्र्याचे, टोकं गोंदानं चिकटवलेली. पुडक्याच्या पाठीवर सांगलीच्या विश्रामबागेतला पत्ता होता.

"उद्याच जाऊ आपण," अरिबा म्हणाली.

सुमैरा त्या माळेचा गोंडा बोटांत फिरवत होती. गोंड्याच्या डोक्यावरचा वेढा उलटा होता, डावीकडून उजवीकडं जाणारा. तिच्या ओळखीत असा वेढा घालणारा हात एकच होता. लेकीला तिनं ते सांगितलं नाही. म्हणाली, "जाऊ या."

सांगली स्टँडवरून सिटी बसनं त्या विश्रामबागेत उतरल्या. पत्त्यावर दुकान म्हणावं असं काही नव्हतं. जिन्यावर चपलांचा ढीग, वरच्या मजल्यावर एक लांबट खोली, भिंतीला लागून पुठ्ठ्याची खोकी. खाली चटईवर सहा-सात बायका माना खाली घालून काम करत होत्या. खिडकीजवळच्या बाईनं एकदा वर पाहिलं आणि तिची बोटं थांबली. सोनम होती ती.

सुमैरानं ओळख दाखवली नाही. अरिबानं मात्र दंडाला चिमटा काढला. "अम्मी, सोनमताई!"

"बघितलं म्या. गप."

मालक धैर्यशील नावाचा तिशीचा तरुण होता. त्यानं खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, आणि कशासाठी आलात हे ऐकून घेताना एकदाही आवाज चढवला नाही. अरिबाच तावातावानं बोलत होती. तिनं मोबाइलमधला फोटो दाखवला, ओढणी बाजूला करून गळ्यावरचा तीळ दाखवला. तो बघून त्याला खरंच ओशाळल्यासारखं झालं.

"फोटो चुकून आला असेल, ताई. पोरं नेटवरून उचलतात. हा आत्ता काढतो." आणि त्यानं खरोखर समोर बसून तो काढलाही.

"आणि माळ?" अरिबानं विचारलं.

"माळेचं काय सांगू? नेटवर गेली ती सगळ्यांची झाली." त्यानं आपला मोबाइल पुढं केला. "हे बघा, माझ्या मालाची नक्कल. परराज्यातला कुणीतरी माझ्याहून स्वस्त विकतोय. त्याचीही कुणी करत असेल. मी कुणाच्या दारात जाऊ?" तो थकल्यासारखा हसला. "आणि राग मानू नका, पण तुम्ही तरी हे कुठून आणलंत? हा धनगरांचाच दोरा ना? तुम्हीही उचललाच की."

खोलीतल्या बायकांचे हात सावकाश झाले. सुमैरानं पदर सारखा केला.

"न्हाई," ती म्हणाली. "मी इचारून घेतला."

"कुणाला विचारून?"

अरिबा उसळून खिडकीकडं वळली. "सांग ना सोनमताई! तुझ्यासमोर विचारायची अम्मी, प्रत्येक वेळी. तुझ्या सासूबाईंना. सांग ह्यांना!"

धैर्यशीलनं सोनमकडं पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. सोनमची मान खालीच होती. मांडीवरच्या नायलॉनच्या गुंड्यात तिची बोटं उगीचच काहीतरी शोधत होती.

त्या क्षणी सुमैराला वाटलं, एक शब्द. पोरीनं एक शब्द बोलावा, एवढ्यासाठीच तर मी आले. पण तिला सोनमच्या बाजूला ठेवलेला जेवणाचा डबा दिसला, डब्यावर वाळत घातलेला लहान मुलाचा रुमाल दिसला. आपण या पोरीला दिवाळीपुरतं आणि ईदेपुरतं काम द्यायचो. मधले महिने ती काय खात होती, ते आपण कधी विचारलं नव्हतं.

"तिला नको इचारू," ती अरिबाला म्हणाली. "तिचं काम करू दे तिला."

धैर्यशीलनं घसा साफ केला. "ताई, मी काय म्हणतो, तुम्ही आमच्याकडंच का येत नाही? महिन्याला दोन-चार नवे नमुने करून द्या. बाकी सगळं आम्ही बघतो. तुमची धावपळ नाही, तक्रार नाही."

तो मनापासून विचारत होता, आणि म्हणूनच सुमैराला उत्तर द्यायला वेळ लागला. महिन्याला दोन-चार नमुने द्यायचे, ठरलेला पगार घ्यायचा, नक्कल कोण करतंय याची काळजी करायची नाही. मोह होण्यासारखंच होतं ते. पण नमुना आपण करायचा आणि तो कुणाचा हे कुणाला ठाऊक नसायचं, हे तिला आजही फुकटात मिळतच होतं.

"न्हाई जमायचं, दादा," ती उठली. "फोटो काढलासा, लय उपकार झाले."

त्या जिना उतरत होत्या तेव्हा मागून अनवाणी पावलं वाजली. सोनम होती. पदर तोंडाला लावून ती दोन पायऱ्या वरच थांबली.

"भाभी, मला तोंड न्हाई तुमच्यासमोर यायला."

अरिबानं तोंड फिरवलं. सुमैरा म्हणाली, "पोरगं कसं हाय?"

"बालवाडीत जातंय. बिरदेवला हमालीचं काम मिळालंय मार्केट यार्डात. हितं बारमाही काम हाय, भाभी. म्हणून…"

"व्हय. आन मावशी? गावाकडंच हाय का? ईदेनंतर लोकर आली न्हाई तिची."

सोनम पायरीवर खालीच बसली.

"म्हातारी गेली, भाभी. श्रावणात. तुमास्नी सांगावा धाडायचा व्हता. पर मी हितं ह्या कामावर, कसल्या तोंडानं धाडू, म्हणून…"

सुमैरानं कठड्याला हात लावला. रस्त्यावरून कुठली तरी कॉलेजची पोरं हसत खिदळत गेली.

"आजारी व्हती?"

"वय झालं. मेंढरं इकल्यापास्नं बसूनच असायची. शेवटी शेवटी लोकर नसली तरी हातात चाती द्यावी लागायची. नुसतीच फिरवायची. काय कातती आत्ती, म्हणलं, तर म्हणायची, पलूसच्या बाईची माळ ऱ्हायलीय."

अरिबा आता रडत होती. सुमैरा रडली नाही. ती दोन पायऱ्या चढून गेली, सोनमशेजारी बसली आणि तिचा डावा हात आपल्या हातात घेतला. पहिल्या बोटावर नायलॉननं कापल्याच्या चिरा होत्या, काही जुन्या, काही ओल्या.

"ह्ये असं उघड्या बोटानं ओढू नकोस. चिंधी गुंडाळ. सुती. रोज रातच्याला खोबरेल लाव."

"व्हय, भाभी."

"आन पोराला घिऊन ये कवातरी. कामाचं न्हाई म्हणत. नुसतीच ये."

वरून कुणीतरी सोनमला हाक मारली. ती उठली, डोळे पुसले आणि वर गेली.

परतीच्या पलूस गाडीला गर्दी होती. माधवनगर मागं पडलं. अंबूबाईच्या लोकरीचा घरात एक गुंडा उरला होता, त्यात किती माळा होतील याचा सुमैराला अंदाज होता. ती त्यांतली एकही आता विकणार नव्हती, आणि हे अरिबाला कधी सांगायचं तेवढंच ठरायचं होतं.

पुढच्या बाकावर एक कॉलेजची मुलगी बसली होती. वेणी खांद्यावरून पुढं घेतलेली, त्यामुळे मान मोकळी. मानेवर काळ्या नायलॉनची गाठ. गोंद सुटून टोक पिंजारलं होतं आणि तारेचा आकडा कातडीत रुतत होता. मुलगी दर थोड्या वेळानं हात मागं नेऊन तिथं खाजवत होती.

अरिबाला ते दिसलं. ती पुढं वाकणार, तेवढ्यात सुमैरानं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि स्वतःच पुढं सरकली.

"बाळ, मागचा आकडा सुटायलाय. बांधून देऊ?"

"द्या ना, काकू. सकाळपासून टोचतोय नुसता."

गाडी हलत होती. सुमैरानं आकडा काढून टाकला, दोन्ही टोकं एकमेकांवरून नेली, वेढा घालून घट्ट आवळलं आणि उरलेलं टोक वाकून दातानं तोडलं.

"भारी झालं! थँक्यू काकू," मुलीनं मानेवरून हात फिरवला. मग अर्धी वळून माळ पुढून दाखवत म्हणाली, "ऑनलाइन मागवलीय. छान आहे ना?"

"छान हाय," सुमैरा म्हणाली. "शोभतीय तुला."

ती मागं टेकली. अरिबा तिच्याकडं बघत होती.

"सांगायचं तरी होतंस, अम्मी."

"काय सांगायचं?" सुमैरानं जिभेवर राहिलेला काळा तंतू बोटांनी काढला आणि खिडकीबाहेर सोडला. "टोचत व्हतं तिला."

बाहेर उसाचं रान सुरू झालं होतं. तिनं डोळे मिटले. शेजारी अरिबानं हळूच ओढणी सारखी करून तिळासकट आपली मान झाकून घेतली.