देणगीदारांचं कपाट

ग्रंथालय हा समाजाचा आत्मा असतो, असं देवेंद्रराव टिपणिसांनी आखातातल्या महबूल्याच्या आमच्या मराठी मंडळाच्या ग्रंथालयाचं उद्घाटन करताना बजावलं. आत्मा कपाटात होता आणि कपाटाची किल्ली घरी राहिली होती.

किल्ली येईपर्यंत लोर्नाबाई ताटकळल्या. आधी ओहायोत आणि मग इथल्या एका शाळेत, उभा जन्म त्यांनी ग्रंथपाल म्हणून काढला होता. कायमचं मायदेशी जाण्याआधी शेवटचं काम म्हणून आमची पुस्तकं त्यांनी, आमच्याकडून नावांचे अर्थ विचारत, आठवडाभर खपून विषयवार लावली होती.

कपाट उघडलं. पाककृती, भूगोल आणि मूळव्याधीवरचे उपाय एकाच खणात! वर पाटी: 'टिपणीस परिवाराकडून सप्रेम भेट'.

"हे कुणी केलं?" लोर्नाबाईंनी इंग्रजीत विचारलं.

"मीच, काल. विषयांनी काय देणगी दिलीय, मॅडम?" देवेंद्रराव म्हणाले.

लोर्नाबाईंनी एक पुस्तक दोन बोटांत धरून उचललं. आतून खुणेसाठी ठेवलेला तेलकट पापड पडला.

"शी!" आठवडाभरात त्या एवढंच मराठी शिकल्या होत्या; पुढचं इंग्रजीत. "किळस येते मला! याला ग्रंथालय म्हणू नका, आणि यात माझं नाव कुठेही घालू नका!"

त्या कपाटासमोर हाताची घडी घालून उभ्या राहिल्या.

"मॅडम," देवेंद्रराव हळूच म्हणाले, "फोटो काढतायत. जरा डावीकडे सरकता? पाटी झाकली जातेय."