चैतू कप्तानाचं जहाज

देवरावांनी दुकानाच्या काचेच्या दाराला खांदा लावला. दार हललं नाही. मग त्यांनी दुपट्टा मागे सारला आणि दुसऱ्यांदा जोर लावला.

"बाबा, ओढा! ओढाचं हाये ते!" विक्की गाडीपासूनच ओरडला.

तोवर आतल्या माणसाने उठून दार उघडलं होतं. सकाळपासूनचं हे दुसरं दुकान. मे महिन्यातलं चंद्रपूर, डांबर बुटाला चिकटत होतं, आणि म्हाताऱ्याचा हट्ट एकच. नातीचा वाढदिवस आहे, तिला कॉम्प्युटरचा गेम द्यायचा. मोबाइलमधला नाही, नेटवरचा नाही. दुकानातून आणलेला, डब्ब्यातला.

विक्कीने सगळं सांगून पाहिलं होतं. माजरीच्या घरून निघताना सांगितलं, भद्रावतीच्या चौकात सांगितलं, पडोलीच्या सिग्नलवर गाडी थांबवून सांगितलं की बाबा, तो जमाना गेला, आता गेम घरबसल्या उतरवून घेतात. देवराव सगळं ऐकून घेत आणि शेवटी म्हणत, "हौ ना. पण पोरीच्या हातात काय देशीन?" पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय!

दुकानदाराने कुठूनसा एक चकचकीत डब्बा काढून दिला. विक्कीला हायसं वाटलं. देवरावांनी डब्बा दोन्ही हातांत धरला, कानाशी नेला आणि हलवला. मग पुन्हा हलवला.

"यात काई नाई," ते म्हणाले.

"काका, आत कार्ड आहे. कार्डावरचा नंबर टाकला की गेम आपोआप येते."

"म्हंजे रिकामाच ना?"

त्यांनी डब्बा काउंटरवर ठेवून दिला आणि दाराकडे निघाले. दुकानदार विक्कीकडे पाहून हसला. विक्कीला घाम फुटला होता, आणि तो काही नुसत्या उन्हाचा नव्हता.

"आता हरिदासभाऊकडं चाल," देवराव पायरीवरून म्हणाले. "म्या सकाळीच म्हणत होतो. जटपुरा गेटाच्या आत. तुहा गेम त्याच्याकडूनच आणला होता म्या."

"ते दुकान बंद झालं असन."

"जाऊन तं पाहू."

हरिदासचं दुकान बंद झालेलं नाही, हे विक्कीला पक्कं ठाऊक होतं. त्या रस्त्यावरून तो दरवेळी मान फिरवून जायचा. आज तर त्याने मुद्दाम गाडी दोनदा भलतीकडे वळवली होती. पण बापापुढे कोणाचं चालतं!

विक्की सातवीत असताना स्कॉलरशिपमध्ये आला, तेव्हा देवरावांनी त्याला गेम कबूल केला होता. घरात कॉम्प्युटर नव्हता. कॉलनीतल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये रविवारी तासभर बसायला मिळे, तेवढंच. देवराव खाणीतून रात्रपाळी करून आले, न झोपताच चंद्रपूरच्या एसटीत बसले आणि दिवेलागणीला परतले ते सदऱ्याच्या आत डब्बा घेऊन. पुठ्ठ्याचा मोठा डब्बा, वर लाल शिडाचं जहाज, मागच्या बाजूला चार चित्रं. विक्कीने झाकण उघडलं. आत सीडी ठेवायचा गोल खळगा होता आणि खळग्यात काहीच नव्हतं.

बाबा चौकटीत उभे होते. डोळे लाल, पायात अजून चपला.

"हाये ना बराबर?" त्यांनी विचारलं होतं.

"हाये," विक्की म्हणाला होता आणि त्याने झाकण लावून टाकलं होतं.

बास, तिथून सुरू झालं. दर रविवारी क्लासमधून आला की देवराव जेवताना विचारायचे, "आज काय झालं गेममधी?" आणि विक्की सांगायचा. डब्ब्यामागची चार चित्रं पहिल्या महिन्यातच संपली. मग पोराने समुद्र कधी पाहिलेला नसल्यामुळे जहाज वर्धा नदीतून चालवलं. वाटेत काळ्या दगडाचं बेट घातलं, त्यात बोगदा घातला, बोगद्यात वाघ बसवला. कप्तानाचं नाव त्याला काही केल्या सुचेना, म्हणून शेजारच्या धोब्याचं दिलं, चैतू. इंग्रजी गेममधल्या कप्तानाचं नाव चैतू कसं, हे देवरावांनी कधी विचारलं नाही. उलट ते खाणीवर सगळ्यांना सांगत, माह्या पोराने आज चैतूले बोगद्यातून बाहेर काढलं. पुढे पोरगा इंजिनियर झाला, नागपुरात नोकरीला लागला, तेव्हाही म्हातारा लोकांना हेच सांगत फिरला की डोकं त्या गेमनं चाललं त्याचं. विक्कीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण इतक्या वर्षांनी कोणत्या तोंडाने सांगणार, की बाबा, तुम्ही झोप मोडून आणला होता तो नुसता पुठ्ठा होता?

हरिदास आता मोबाइलची कव्हरं विकत होता. केस पिकलेले, चष्मा नाकावर. शोकेसच्या वरच्या कप्प्यात जुने दोन-चार डब्बे अजून होते, पण उन्हाने त्यांची चित्रं पार निळी पडली होती.

"ते नाई विकत भाऊ," हरिदास म्हणाला. "रिकामे हायेत, शोभेचे."

"झालं!" विक्की म्हणाला. "ऐकलं ना बाबा? चला आता."

देवराव स्टुलावर बसले. "काऊन रिकामे?"

आणि हरिदासला तेवढंच हवं होतं. इतक्या वर्षांत जुन्या धंद्याबद्दल त्याला कोणी विचारलंच नसावं.

"दुकानाचं तोंड पश्चिमेले. आपल्याकडचं ऊन तं तुमाले मालूमच हाये. शोकेसमधी सीडी ठेवली का पापडासारखी वाकडी! म्हणून उन्हाळाभर डब्बे समोर ठेवाचे, अन् सीड्या आत, माठाजवळच्या पेटीत. गिऱ्हाइकानं डब्बा निवडला का आतून सीडी आणून टाकाची. पूर्ण उन्हाळा तसंच चाले."

"अन् टाकाची राह्यली तं?" विक्कीच्या तोंडून निघून गेलं.

"एखाद्या वेळेस गर्दीत इसरलो बी असन," हरिदास हसत म्हणाला.

इसरलो बी असन म्हणे! विक्कीला वाटलं, काउंटरवरची सगळी कव्हरं उचलून या माणसाच्या अंगावर भिरकावून द्यावीत. ह्याचं विसरणं झालं आणि इकडे एका पोराला वर्षानुवर्षं जहाज हाकावं लागलं. त्याने रुमालाने मान खसाखसा पुसली आणि पंख्याखाली जाऊन उभा राहिला.

हरिदास आतून पत्र्याची पेटी घेऊन आला. कागदी पाकिटांतल्या पाच-सहा सीड्या होत्या, डब्ब्यांवाचून उरलेल्या. देवरावांनी एकेक पाकीट उजेडाकडे धरलं. तिसऱ्यावर लाल शिडाचं जहाज होतं.

"हे पायजे," ते म्हणाले.

"याचा डब्बा नाई बरं का. डब्बा कोणीतरी घेऊन गेलं, अन् ही..." हरिदास थांबला. काहीतरी आठवल्यासारखं त्याने देवरावांकडे निरखून पाहिलं.

"डब्बा हाये आमच्या घरी," देवराव म्हणाले.

"आमची सीडी खराब झाली ना," विक्की घाईघाईने म्हणाला. "घासली गेली. जुनी गोष्ट झाली ते. म्हणून ही पायजे. दुसरी."

हरिदासने चष्म्यावरून बाप-लेकाकडे आळीपाळीने पाहिलं.

"हौ," देवराव म्हणाले. "खराब झाली असन."

परतीच्या वाटेवर त्यांनी सीडी दुपट्ट्यात गुंडाळून मांडीवर आडवी धरली होती, ऊन लागू नये म्हणून. ताडाळी मागे पडली. मग ते म्हणाले, "चैतूचं जहाज घरी लागलं का रे शेवटी? तू सांगतलंच नाई."

"आठवत नाई आता."

"तू होस्टेलले गेला, तवा ते बेटापाशी अडकून होतं."

"बाबा, गेम होता तो! कितीक वर्षं झाली!" विक्कीने उगाचच हॉर्न दाबला. समोर काहीच नव्हतं.

घरी सुट्टीला आलेली नात मैत्री वाटच पाहत होती. ती चौथीतून पाचवीत गेलेली, प्रश्न विचारून भंडावून सोडणारी पोर. विक्कीच्या आईने, सत्यशीलाबाईंनी, कपाटावरून डब्बा काढून दिला. त्यांनी तो इतकी वर्षं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवला होता. देवराव खाटेवर बसले, डब्बा मांडीवर घेतला आणि सीडी खळग्यात दाबली. टक् आवाज झाला. मग त्यांनी झाकण लावलं, डब्बा कानाशी नेऊन हलवला, आणि मैत्रीच्या हातात दिला.

"घे. हॅपी बर्थडे."

मैत्रीने डब्बा उलटापालटा केला, चारही चित्रं पाहिली, सीडी काढून तिच्यात स्वतःचं तोंड पाहिलं. मग लॅपटॉप घेऊन आली, तो चहूबाजूंनी फिरवला आणि म्हणाली, "पप्पा, हे टाकायचं कुठे?"

विक्की सकाळपासून याच क्षणाला भीत होता, आणि तो आल्यावर मात्र त्याला भीती वाटली नाही, नुसता संताप आला.

"कुठीच नाई!" तो कडाडला. "याले जागाच नसते आता! सकाळपासून बोंबलून राह्यलो ना म्या? सांगतलं ना बाबा तुमाले? दिवस गेला, पेट्रोल गेलं, उन्हात डोकं फुटाची पाळी आली, अन् आता हे ताट म्हणून वापराचं का? ऐकाचंच नाई कोणाचं! सीडी आणली म्हणे! काय कराचं हे घेऊन?"

मैत्रीने सीडी हळूच परत खळग्यात ठेवली. सत्यशीलाबाई पदराने वारा घेत होत्या, तो हात थांबला. विक्कीला स्वतःचाच आवाज खोलीभर ऐकू आला. बापावर असं ओरडल्याची लाज वाटली, पण शब्द गेला तो गेला.

देवराव रागावले नाहीत. त्यांनी चष्मा काढला आणि दुपट्ट्याच्या टोकाने पुसला.

"मंग तसाच सांग," ते म्हणाले.

"काय सांगू?"

"गेम. तवा सांगत होता तसा." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "तवा कुठी होती सीडी?"

विक्की उभा होता तो खाटेच्या कडेवर बसला.

"तुमाले मालूम होतं?" तो म्हणाला.

"बसमधीच हलवून पाह्यला होता म्या. वाजला नाई." देवराव बाहेर कडुनिंबाकडे पाहत होते. "शेवटची गाडी होती. परत जाता येत नोव्हतं. म्हटलं, घरी गेल्यावर पोरगं रडन. उद्या जाऊन भांडीन हरिदाससंगं. पण तू तं 'हाये' म्हणला. अन् रयवारी सांगाले बसला. मंग कोण जाते भांडाले!"

"आबा, काय नव्हतं वाजत?" मैत्रीने विचारलं. तिने डब्बा कानाशी नेला आणि हलवून पाहिला. आतली सीडी खुळखुळली.

"पप्पा, या जहाजात कोण असतं?"

विक्कीने डब्बा तिच्या हातातून घेतला, लाल शिडावरून अंगठा फिरवला. मग डब्बा उलटा करून तो मागची चित्रं पाहत राहिला.

"चैतू," देवरावांनीच सांगितलं. ते खाटेवर भिंतीकडे सरकले आणि मैत्रीला जागा करून दिली. "बेटापाशी अडकला हाये तो. पुढचं तुह्या बापाले विचार."