दुरुस्त केलेला पूल

हजीऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर नाल्याचा जुना, अरुंद पूल आहे. त्याची तुळई सीमंतिनीच्या काँक्रीटनं दुरुस्त झाली होती. ती इंजिनिअरिंग कॉलेजात प्राध्यापक. केसांसारख्या बारीक पोलादी तारा मिसळलेलं ते काँक्रीट तयार करण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती.

त्या सकाळी पुलाखाली उतरून तिनं तुळईवर हातोडी मारली. आवाज खणखणीत यायला हवा होता. आला पोकळ. पुढे सरकून पुन्हा मारली, तिथेही पोकळ. डोक्यावरून बस गेली आणि एक ढलपा तिच्या पायाशी पडला. त्याच्या आतल्या बाजूला गंजाचा लाल चुरा होता.

दुरुस्तीवर देखरेख करणाऱ्या इंजिनिअरला तिनं फोन लावला. "जगदेवराव, पूल बंद करा!"

"मॅडम, काँक्रीट तुमचंच ना? भरोसा नाही का?"

"काँक्रीटवर आहे. पण ठेकेदारानं जुना सडका भाग न काढताच ते वर चढवलंय."

"ऑर्डरशिवाय कसा बंद करू? दुपारी येऊन बघतो."

दुपारपर्यंत शाळेच्या किती बस जातील! सीमंतिनी धावत वर आली आणि तिनं आपली कार पुलाच्या तोंडाशी आडवी लावली. हॉर्न, शिव्या सुरू झाल्या.

तेवढ्यात अँब्युलन्स आली. "मॅडम, गाडी हटाओ! कंपू के अस्पताल पहुँचना है, पेशंट की साँस अटक रही है," ड्रायव्हर ओरडला. आतून एक बाई रडत म्हणाली, "ताई, माझी आई आहे हो. जाऊ द्या ना!"

बाजारातून वळसा घालायला वेळ नव्हता. अँब्युलन्स बसपेक्षा हलकी, हे ती जाणून होती. पण तो ढलपा डोळ्यांपुढून हलेना. पलीकडची वाहनं तिनं लोकांकडून थांबवून घेतली, कार बाजूला घेतली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "मी पुढे चालते. माझ्या मागून, माझ्या चालीनं या."

मध्यावर खालून कडाड् आवाज आला. काहीतरी नाल्यात धप्पकन पडलं. तिला पळावंसं वाटलं. पण ती पळाली, तर ड्रायव्हर घाबरून गाडी दामटेल. ती तशीच हळूहळू चालत राहिली. मागे इंजिन घुरघुरत होतं. पलीकडचा डांबरी रस्ता पायाखाली आला तेव्हा ती बाजूला झाली आणि अँब्युलन्स सायरन वाजवत निघून गेली. परत येऊन तिनं कार पुन्हा आडवी लावली.

दुपारी जगदेवरावांनी तुळईला पहार लावली. नवं काँक्रीट अख्खंच्या अख्खं सुटून आलं. मागच्या सळया गंजून काड्या झाल्या होत्या. मग त्यांनी स्वतःच पूल बंद केला.

संध्याकाळी अँब्युलन्सच्या ड्रायव्हरनं पुलापाशी येऊन त्या बाईचा निरोप दिला, आई वाचली.

"त्या ठेकेदारानं माझं काँक्रीट आणखी कुठे चढवलंय?" सीमंतिनीनं विचारलं.

जगदेवराव तिच्याकडे बघेनात. "आणखी दोन पुलांवर."

"गाडी काढा," ती म्हणाली.