लागलेलं दूध

नव्या गावात राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी शिळ्या पावाचं लोणचं खाल्लं. आमच्या बिऱ्हाडाच्या खाली बेकरी आहे. उरलेल्या पावाच्या कडा मोहरी आणि लिंबाच्या रसात मुरवून बेकरीवाली बाई त्या बरण्या खिडकीत मांडते. आधी मी नाक मुरडलं, मग अर्धी बरणी फस्त केली. पुढे कॉफीची पूड भुरभुरलेलं खरबूज खाल्लं, गूळ भरून भाजलेला कांदाही खाल्ला. ‘असं खात नसतात’ हे या लोकांना सांगायला कुणीतरी विसरलं असावं, आणि त्यांचं त्यात फार भलं झालं.

दर वेळी मी थोडं बाबांसाठी वर घेऊन जायचे. त्यात माझा स्वार्थ होता. बाबांनी सारा जन्म खानावळ चालवली. नुसत्या वासावरून आमटीत काय राहिलंय ते सांगायचे. गेल्या वर्षीच्या तापात त्यांची चव गेली आणि वासही गेला. परत येईल किंवा येणारही नाही, असं डॉक्टर म्हणाले. खानावळ बंद करून बाबा माझ्याकडे आले आणि स्वयंपाकघरात पाऊल टाकेनासे झाले. माझ्या हातचं ते मुकाट्याने जेवायचे, यावरूनच दुखणं किती खोल होतं ते कळावं.

पावाचं लोणचं चावून ते म्हणाले, चिवट आहे. खरबूज त्यांना गार लागलं आणि कांदा मऊ. मला रडू यायचं आणि रागही यायचा. कुणावर, ते मात्र ठाऊक नव्हतं.

एका रविवारी बेकरीवालीने आम्हा दोघांना खाली बोलावलं. तिची खास वडी करणार होती. बाबा दाराकडे तोंड करून, गल्लीतली माणसं बघत बसले. त्यांच्या पाठीमागे तिने शेगडीवर दूध चढवलं आणि हाताची घडी घालून उभी राहिली. दूध ढवळायचंच नाही, मुद्दाम तळाला लागू द्यायचं आणि मग खरवडून, साखर घालून थापायचं, असं तिने मला समजावलं. बाबांचं आमच्याकडे लक्ष नव्हतं.

मी ताटली घ्यायला वळले तोच बाबा ताडकन उठले. सदऱ्याच्या टोकाने धरून त्यांनी पातेलं खाली उतरवलंसुद्धा.

“लक्ष कुठंय बाई तुमचं? दूध लागलं की.”

“अहो काका, लागायलाच ठेवलं होतं,” ती वैतागली. “आता ना धड दूध, ना धड वडी.”

बाबा ओशाळले आणि तिची माफी मागू लागले. मला राहवेना.

“बाबा, तुमची पाठ होती इकडे. तुम्हाला कसं कळलं?”

पातेल्यावर वाकून त्यांनी लांब श्वास घेतला, मग पुन्हा एकदा घेतला. त्यांचे ओठ थरथरायला लागले. माझ्या डोळ्यांना तर केव्हाच धार लागली होती. बेकरीवालीला वाटलं, त्यांचा हात भाजला. ती बिचारी पाणी घेऊन धावली.

बाबांनी पाणी बाजूला सारलं आणि पातेलं परत शेगडीवर ठेवलं.

“लागू द्या, बाई,” ते म्हणाले, “चांगलं करपू द्या.” आणि पातेल्यावर नाक झुकवून तिथेच उभे राहिले.