कालबूबू आपाच्या घरचा मानाचा पाहुणा

मी एक जुना प्रोजेक्टर आहे, मित्रांनो. माझ्या कानशिलावर पोचा आहे, मागचा एक पाय हरवला म्हणून तिथं बाटलीचं बूच चिकटवलंय, आणि बोलायला लागलो की माझा पंखा घरघरतो. तेवढं सांभाळून घ्या. मला सांगायचंय ते घरघर सोसून ऐकावं असंच आहे.

माझा जन्म एका लखलखीत कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या कुणीतरी माझ्या छातीत भिंग बसवलं आणि पहिल्यांदा दिवा पेटवला. समोरच्या भिंतीवर उजेडाचा मोठा चौकोन उमटला. अहाहा! आपल्या पोटात एवढा उजेड आहे हे पाहून मीच दिपून गेलो. पुढं मला खोक्यात घालून बिश्केक शहरातल्या एका कचेरीत पाठवलं. तिथं मी बरीच वर्षं आकडे, चढत्या रेघा आणि उतरत्या रेघा दाखवल्या. रेघा चढल्या की लोक टाळ्या वाजवत, उतरल्या की माझ्याकडेच रागानं बघत, जसं काही मीच त्यांना खाली ओढलं! मग माझ्याहून सडपातळ, माझ्याहून शांत असा एक नवा प्रोजेक्टर आला. माझी रवानगी मोडक्या खुर्च्यांबरोबर माळ्यावर झाली. अंगावर बोटभर धूळ चढली, पण कुणाला माझी आठवण झाली नाही. फार वाईट वाटायचं हो.

त्या माळ्यावरून मला सोडवलं ते डोंगरातल्या कारा-बुलाक गावच्या शाळेनं. फुकट मिळतंय म्हटल्यावर त्यांनी नेलं. पण मला खऱ्या अर्थानं हातात घेतलं ते भूगोल शिकवणाऱ्या सायराकान एजेनं. एजे म्हणजे ताई. सगळा गाव तिला एजेच म्हणतो, तिच्याहून मोठे असलेले सुद्धा.

मला वापरलं पुष्कळांनी, पण नीट मांडलं ते फक्त एजेनं. आधी मऊ फडक्यानं भिंग पुसायची. पदरानं नाही, बाहीनं नाही, थुंकी लावून तर मुळीच नाही. मग माझा पुढचा पाय फिरवून मला हवा तेवढा वर उचलायची. चित्र वर रुंद, खाली अरुंद झालं तर मला सरळ भिंतीसमोर आणायची, बटणं दाबून जबरदस्ती चौकोन करायची नाही. शेवटी भिंगाची कडी हलक्या हातानं फिरवायची, आणि धुक्यातून नदी बाहेर यावी तसं चित्र स्वच्छ व्हायचं. काम संपल्यावर दिवा विझवला तरी माझा पंखा थांबेपर्यंत तार उपटत नसे. शेजारी बसून राहायची आणि म्हणायची, "दमला असशील. घे श्वास." सांगा बरं, अशा बाईसाठी कोण जीव टाकणार नाही?

आता मुख्य गोष्ट सांगतो.

उन्हाळ्यात आमचा अर्धा गाव मेंढ्याघोड्या घेऊन वर जायलूवर, म्हणजे उंच कुरणांवर, राहायला जातो. तिथं कालबूबू आपाचं नमद्यांचं, म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड चादरींचं, गोल घर उभं असे. आईला आणि आजीला आमच्याकडे आपा म्हणतात. ही आपा चालायला लागली की तिच्याबरोबर घोडा दुडक्या चालीनंच न्यावा लागे, असं लोक सांगत. पण दोनेक वर्षांपासून तिच्या डोळ्यांवर पडदा येत होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हे डोळे पुन्हा उजळायचे नाहीत, उरलीय ती नजर जपा. तरी ती घरापासून बांधलेली दोरी धरून दुभत्या घोड्यांपर्यंत जायची आणि त्यांच्या धारा काढायची.

तिचा मुलगा एर्मेक परदेशात, दूरच्या शहरात इमारती बांधायला गेलेला. तिकडेच त्याला मुलगा झाला. नाव बेकतुर. आपानं नातवाला अजून पाहिलं नव्हतं. फोनवर चित्र आलं तरी तिला त्यात नुसता हलणारा उजेड दिसे. बेकतुर उभा राहायला लागल्याचं कळलं तेव्हा आपानं काळी आणि पांढरी लोकर स्वतः कातली, दोन्हींचा पीळ घालून दोरी वळली आणि पाठवून दिली.

अशा दोरीनं आमच्याकडे पोराचे पाय सैलसर बांधतात, मित्रांनो, आणि मग ती कापतात. कापली की पोर मोकळं चालायला लागतं. आणि दोरी कापणाऱ्याची चाल पोराला लागते, म्हणून कापायला कुणी चपळ माणूस निवडतात. पेंगत चालणाऱ्याच्या हाती कुणी कात्री देत नाही.

एर्मेकनं दोरी कापण्याच्या दिवसाचं चित्रण करून पाठवलं. जायलूवर फोनला रेंज नाही. तेव्हा तालाय नावाचा आपाचा शेजारी गावातून ते पेन ड्राइव्हवर घेऊन निघाला. वाटेत शाळेपाशी त्यानं एजेला गाठलं.

"एजे, म्हातारीला खाली आणू का शाळेत?"

"आणशील कशी? घोड्यांच्या धारा कोण काढणार, तू?"

"मी? मागच्या वेळी लाथ खाल्ली ती अजून दुखतेय!"

"मग आपण प्रोजेक्टरच वर नेऊ. चित्र माणसाएवढं मोठं केलं तर आपाला दिसेल. नजर आहे तोवर नातू बघू दे तिला."

अशी माझी स्वारी तालायच्या गाडीतून जायलूवर निघाली. एजेनं मला मांडीवर घेतलं होतं. खड्डा आला की ती माझं भिंग तळहातानं झाकायची.

आपानं दारातच मला दोन्ही हातांनी चाचपलं. "हाच का तो? एवढासा? आणि यात माझं पोर मावलंय?"

"मावलंय, आपा. बाहेर येईल आता," एजे म्हणाली.

"मग बाहेर का उभं केलंत त्याला? पाहुणा आहे तो. तोरवर बसवा!"

दारासमोरची मानाची जागा म्हणजे तोर. तिथं मोठी लाकडी पेटी होती आणि पेटीवर रजयांची चळत. आपानं तिच्या लग्नातली सगळ्यात जाड, सगळ्यात मऊ रजई वर अंथरली आणि मला तिच्यावर ठेवायला लावलं. एजे जनरेटरची तार बघायला बाहेर गेली होती, तेवढ्यात आपानं चहूबाजूंनी उशा लावल्या आणि खांद्यावर एक शालही टाकली. "डोंगरातला गारठा, बाधेल हो त्याला." कचेरीत मला कुणी साधं नीट ठेवलं नव्हतं. इथं तर राजाच झालो! माझा ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू?

एजेनं आत येऊन पाहिलं. शाल तेवढी हसत काढली, पण आपाचा उत्साह पाहून रजई-उशा राहू दिल्या. समोर दारावर आपानं सुनेसाठी दाबून केलेला पांढराशुभ्र नमदा टांगला. छताचं गोल धुराडं, तुंदुक, झाकायला दोरी ओढली तेव्हा मात्र आपा कुरकुरली, "भर दिवसा घर कोण झाकतं गं? शेजारी विचारतील काय झालं म्हणून." अंधार झाला. चूल पेटलेली होतीच. एजेनं आपला लॅपटॉप मला जोडला, त्यात पेन ड्राइव्ह घातला आणि माझा दिवा लागला. एजेनं कडी फिरवली.

आणि नमद्यावर बेकतुर उभा राहिला. खराखुरा, खऱ्या उंचीचा! टोपीखाली लालबुंद गाल, आणि पायांत काळीपांढरी दोरी.

आपा गुडघ्यांवर पुढं सरकली. डोळे बारीक केले. "दिसतोय... अगं बाई, दिसतोय! कान बघा कान, अगदी एर्मेकच्या बापाचे!"

तेवढ्यात तालाय कुमीसची, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाची, घागर घेऊन नमदा सारून आत आला आणि बेकतुर त्याच्या पोटावर उमटला.

"हो बाजूला, मेल्या! माझ्या नातवावर पोट घेऊन कुठं उभा राहतोस?"

सगळे हसले. चित्रात एर्मेक कात्री घेऊन पोराशेजारी बसला. आणि सरळ आपाकडे बघून बोलायला लागला. "आपा, इथं सगळे मंदच चालणारे आहेत. बेकतुरला तुमची चाल लागू दे. मी नुसता हात देतो, कापणार तुम्ही. तुम्ही 'काप' म्हणा, मग मी कापतो. थांबलोय मी..."

आणि नेमकं तेव्हाच मित्रांनो, माझा श्वास कोंडला.

माझ्या पोटातला दिवा फार तापतो. पंखा ती गरम हवा कडेच्या जाळीतून बाहेर टाकतो आणि खालून गार हवा घेतो. पण खाली मऊ रजई आणि कडेला मऊ उशा! मी मऊ मऊ बुडत गेलो होतो. लाल दिवा लुकलुकला. मी जीव खाऊन धरून ठेवायला बघत होतो, कारण पोराचे पाय बांधलेले होते हो! पण नाहीच जमलं. चित्र गेलं. एजेनं झटकन लॅपटॉपवर थांबवलं म्हणून पुढचं वाया गेलं नाही.

अंधारात आपाचा आवाज आला. इतका बारीक की तो तिचाच का, असं वाटलं. "पाय बांधलेलेच राहिले की गं."

"आपा, थांबा, बघते मी—"

"चालायच्या वेळी दिवा गेला. माझ्या पोराचे पाय बांधलेलेच राहिले!"

तालायनं धीर द्यायला लॅपटॉप तिच्यापुढं धरला. "यात आहे ना सगळं. तुम्ही नुसतं 'काप' म्हणा, आपा."

आपानं पडद्याला नाक लावलं. मग मान हलवली. "यात धुकंच आहे रे. पाय न बघता कापू? कात्री लागली म्हणजे पोराला?"

तालायनं लॅपटॉप हळूच मागं घेतला. 

एजेनं माझ्या कडेला हात लावला आणि चटका बसून मागं घेतला. मग खालून रजईत हात घालून पाहिला. तिला कळलं. सांगायचं कसं, हाच प्रश्न होता. आपानं जे जिवापाड प्रेमानं अंथरलं होतं, त्यानंच मी गुदमरलो होतो. दुसरा कुणी असता तर खेकसला असता. एजेनं आपाचा हात धरला आणि माझ्या जाळीसमोर नेला.

"आपा, हे त्याचं नाक. इथून श्वास सोडतो तो, आणि खालून घेतो."

आपानं बोटांनी जाळी चाचपली, मग रजई, मग उशा. "आणि मी नाकावर उशी दाबली होय?"

"तुम्ही माया केलीत, आपा. या पाहुण्याला गादी सोसत नाही, एवढंच. उघडी फळी लागते त्याला."

"पाहुण्याला उघड्या लाकडावर बसवू? या घरात?"  मग आपा उठली आणि तिनं स्वतःच्या हातानं उशा फेकल्या, रजई ओढून काढली, खालच्या सगळ्या रजया तालायच्या अंगावर टाकल्या आणि पेटीचं लाकूड बाहीनं पुसलं. "बस बाबा. तुझं सुख कशात आहे ते तुलाच माहीत. तालाय, चूल बाहेर ने! घरात उकडतंय त्याला!"

"पेटलेली चूल कशी नेऊ, आपा?"

"मग विझव! तोंड काय बघतोस?"

चूल विझली. मी गार होईपर्यंत कुणी मला हात लावला नाही. एजे घाई करत नव्हती. बाहेर धारेला आलेल्या घोड्या खिंकाळायला लागल्या तरी आपा हलली नाही. मी मनात म्हणत होतो, अरे दिव्या, म्हातारा झालास, कबूल, पण आज एकदा लाग.

एजेनं कळ दाबली. लागला!

चित्र पुन्हा तिथंच उमटलं. बांधलेले पाय, कात्री, आणि वाट बघणारा एर्मेक. "...थांबलोय मी."

आपा उठली. दोरी न धरता, कुणाचा हात न धरता, ताडताड चालत नमद्यापाशी गेली. कमरेची मेंढ्या कातरायची मोठी कात्री तिनं उपसली.

"आपा, नमदा कापाल हं!" तालाय ओरडला.

"गप रे! दिसतंय मला!"

माझ्या उजेडात तिच्या हाताची सावली बेकतुरच्या पायांशी वाकली. "काप!" आपा गरजली, आणि तिनं हवेत कात्री चालवली. कच्च! पलीकडे एर्मेकची कात्री चालली. दोरी दोन तुकडे होऊन पडली. बेकतुरनं खाली पाहिलं, एक पाऊल टाकलं, मग दुसरं, आणि हात पसरून सरळ आपाच्याच दिशेनं येत येत चित्राबाहेर गेला. आपानं ओंजळ पुढं धरली होती. तिच्या सुरकुतलेल्या हातांवर माझा उजेड पडला होता. तालाय रजयांच्या ढिगाआडून हुंदके देत होता आणि वर म्हणत होता, धूर गेलाय डोळ्यांत. चूल तर केव्हाच विझली होती.

निघताना गारठा पडला. आपानं सवयीनं मला गुंडाळायला शाल उचलली, मग थांबली आणि एजेला विचारलं, "आता चालेल का गं? की श्वास कोंडेल याचा?"

"आता चालेल, आपा. आता तो झोपलाय."

तेव्हा तिनं मला शाल पांघरली.

पुढच्या उन्हाळ्यात एर्मेक बायकोपोरासह आला. आपानं हट्टानं मलाही वर बोलावलं होतं. दाखवायचं काहीच नव्हतं, नुसतं पाहुणा म्हणून. मी पेटीवर बसलो होतो, उघड्या लाकडावर. आपाची नजर तोवर पुरती गेली होती. बाहेर गाडी थांबली, आणि कुणीतरी एवढंसं दारातून आत आलं, ताडताड, ताडताड.

आपानं मान कलती करून ऐकलं. तिच्या तोंडावर हसू पसरत गेलं. "ही माझी चाल," ती म्हणाली, आणि तिनं हात पसरले.

मित्रांनो, माझा दिवा आता फार दिवसांचा नाही. तुमच्याकडेही माझ्यासारखं कुणी असेल, शाळेत, घरात, एखाद्या कोपऱ्यात. त्याच्यावर माया जरूर करा. फक्त अंगावर रजई टाकण्याआधी आपासारखं एकदा विचारा, श्वास घेता येतोय ना रे तुला?